मान वळलेला पाना

आमच्या न्हाणीघरात माणसाला अंघोळ करायची असेल तर आधी लोखंडाची परवानगी घ्यावी लागते. बादलीत पक्कड बुडालेली असते, कोपऱ्यातल्या परातीत व्हिनेगर आणि त्यात पाने पालथे पडलेले असतात. मी पाय ठेवायला जागा शोधत उभी राहते आणि बाहेरून दादा ओरडतो, "धाकटे, उजवीकडची परात हलवू नकोस, ती अजून झोपलीय." परात झोपते म्हणे! या घरात पराती झोपतात, हातोड्यांना गरम पाणी मिळतं आणि मी गार पाण्याने उरकून बाहेर येते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वहिनी गेली, त्याआधीच माझा नवरा गेला होता, तेव्हापासून आम्ही दोघं या दोन खोल्यांत आणि मागच्या लांबट व्हरांड्यात राहतो. गल्लीतले लोक त्याला पानेवाले दादा म्हणतात. मी रागात असले की गंजोबा म्हणते, आणि रागात मी बहुतेक वेळा असते.

जुने पाने, पकडी, हातोड्या, पेचकस असं सगळं तो बाजारातून गोळा करतो, गंज काढतो, दुरुस्त करतो आणि भिंतीवर टांगतो. लोकांना वाटतं, हा आयुष्यभर मेकॅनिक असणार. छे हो! दादाने जन्मात एक नट फिरवला नव्हता. तो बसच्या डेपोत हत्यारखान्यात होता, तारेच्या जाळीच्या खिडकीमागे. मेकॅनिक यायचे, आपला पितळी बिल्ला खिडकीत ठेवायचे आणि हत्यार न्यायचे. काम झालं की तेल-वंगणाने माखलेलं ते परत आणून द्यायचे. दादा ते पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा आणि खिळ्यावर टांगायचा. प्रत्येक खिळ्यामागे भिंतीवर त्या त्या हत्याराचा आकार पांढऱ्या रंगात काढलेला असे. एखादं परत आलं नाही तर रिकामा आकार दारातूनच दिसायचा. आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा या माणसाने प्लंबरला बोलावलं. प्लंबरने भिंतभर टांगलेले पाने बघितले आणि म्हणाला, "काका, मला कशाला त्रास दिलात?" दादा म्हणाला, "ही वापरायची नाहीत."

हत्यार स्वच्छ हवं, सरळ हवं आणि जागच्या जागी हवं, एवढंच त्याचं म्हणणं. त्यातल्या सरळपणावर तर तो हटून बसायचा. कोणी मेकॅनिकने पाना तापवून वाकवला तर त्याची धडगत नव्हती. पान्याला लाल रंग फासून भंगाराच्या पेटीत आणि त्या माणसाचा बिल्ला खिडकीबाहेर सगळ्यांना दिसेल असा टांगलेला! डेपोच्या साहेबाला कोणी भीत नसे, पण या खिडकीसमोर भले भले चळाचळा कापायचे.

नोकरी संपली तशी खिडकी गेली. काही महिने दादा घरात नुसता फिरत राहिला, टेबलावरचे चमचे सारखे करत. मग एका रविवारी जुन्या बाजारातून एक गंजका पाना घेऊन आला आणि त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला. मी कपाळावर हात मारून घेतला, पण मनातून मला बरंच वाटलं.

खरं सांगायचं तर त्या व्हरांड्यातल्या दुपारी मला फार आवडतात. दादा स्टुलावर बसतो, मी आरामखुर्चीत. व्हिनेगरमधून काढलेला पाना आधी काळा ठिक्कर दिसतो. मग तारेचा ब्रश खसखस, खसखस चालू होतो आणि त्या आवाजाने माझे डोळे जड होतात. मी तापट बाई आहे, गल्लीत माझ्या तोंडाला कोणी लागत नाही, पण तो आवाज माझ्यातला सगळा कडकपणा काढून घेतो. अर्धवट झोपेत मला काय काय दिसतं. एक रस्ता, त्याच्या कडेला झाडाखाली थांबलेली गाडी, गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय आणि आतून येणारं कुणाचं तरी गुणगुणणं. कधी समुद्र दिसतो, कधी नुसती एक भिंत आणि तिच्यावर उतरतं ऊन. ते पाय कुणाचे, ते गाणं कुठलं, मला ठाऊक नसतं आणि विचारावंसंही वाटत नाही. मग दादा हळूच म्हणतो, "बघ, अक्षर आलं." लोखंडावर कारखान्याचं नाव हळूहळू वर आलेलं असतं, आणि मी झोपेतून उठून त्याला म्हणते, "आलं ना? आता चहा टाक."

अशाच एका दुपारी चष्मेवाली आली.

चष्मेवालीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. माझ्या चष्म्याची काडी तिने इतक्या वेळा बसवून दिली आहे की आता ती माझं नाक माझ्याहून जास्त ओळखते. बोलायला गोड, पण त्या दिवशी ती थेट कामावर आली. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी तिने दादासमोर ठेवलं. आत एक लांब पाना होता, गंजाने नुसता फुगलेला.

"बाबांचा आहे," ती म्हणाली. "फेरीबोटीवरचा. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला."

तिचे वडील नदीवरच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचे, हे आम्हाला माहीत होतं. पूल झाला आणि बोट बंद पडली त्यालाही जमाना लोटला. आता ते दुकानाच्या वरच्या खोलीत खिडकीपाशी पलंगावर पडून असायचे.

"त्यांचा उजवा हात सारखा चादरीवर काहीतरी शोधत असतो, दादा," ती सांगू लागली. "चमचा दिला, काठी दिली, चष्म्याचं घर दिलं. चाचपतात, ठेवून देतात, परत शोधायला लागतात. मला वाटतं, ते हेच शोधताहेत. मला तर वर्ष झालं ओळखत नाहीत. 'ओ बाई, पाणी द्या' म्हणतात. मी देते पाणी." तिने पदराने डोळे नाही पुसले, चष्मा काढून काच पुसली. "जायच्या आधी एकदा मला माझ्या लाडाच्या नावाने हाक मारू देत. मला दुसरं काही नको. तुम्ही हा जरा स्वच्छ करून द्याल?"

दादाने पाना दोन्ही हातांत घेतला. असं मागणं त्याच्याकडे आजवर कोणी आणलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "देतो."

ती गेल्यावर त्याने पाना उजेडाकडे धरला आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. पान्याचा दांडा निम्म्यापर्यंत ठीक होता, पण तोंडाच्या जरा अलीकडे त्याची मान एका बाजूला वळली होती, आणि किंचित वरही. "कुण्या गाढवाने वाकवलाय बघ," तो कळवळून म्हणाला. "म्हाताऱ्याच्या मागे कोणीतरी वापरला असणार."

त्या पान्यासाठी दादाने जिवाचं रान केलं. व्हिनेगर झालं, रॉकेल झालं, जिथे ब्रश पोचत नाही तिथे दात कोरायची काडी. गंजाखालून लोखंड वर आलं, निळसर झाक असलेलं, आणि त्यावर हाताच्या घामाने पडलेले मऊ डाग. मग त्याने ब्लो लॅम्प पेटवला, मान तापवली, वाईसच्या लोखंडी जबड्यात धरली आणि पाइपचा तुकडा घालून अलगद सरळ केली. फुटपट्टी लावून बघितली तर खालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. तेल लावून त्याने तो माझ्या हातात दिला. मलाही तो सुंदर वाटला, खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघं मिळून तो घेऊन गेलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वरच्या खोलीत खिडकी उघडी होती, पांढरा पडदा वाऱ्याने आत-बाहेर करत होता आणि त्याच्यासोबत पलंगावरचं ऊनही मागे-पुढे सरकत होतं. बाबा उशीला टेकून बसले होते. उजवा हात चादरीवर फिरत होता, अगदी हळू, कुठलीही घाई नसल्यासारखा.

चष्मेवालीने पाना त्या हाताखाली सरकवला.

हात थांबला. बोटं दांड्यावर मिटली आणि त्या चेहऱ्यावर काहीतरी जागं झालं. मी चष्मेवालीचं मनगट धरलं. बाबांचा अंगठा दांड्यावरून पुढे सरकत गेला, निम्म्यापर्यंत आला, आणखी पुढे गेला आणि अडला. मागे आला. पुन्हा गेला. मग त्यांनी तो पाना उचलून, परक्याची वस्तू परत करावी तसा, पलंगाच्या कडेला ठेवून दिला.

"हा दुसऱ्या कोणाचा," ते स्वच्छ आवाजात म्हणाले. आणि हात पुन्हा चादरीवर फिरू लागला.

चष्मेवालीने पाना उचलला आणि नीट बघितला. "दादा, याची मान कुठंय?"

"वाकलेला होता तो," दादा म्हणाला. तो खिडकीमागचाच आवाज होता, डेपोतला. "मी सरळ केला."

"तुम्ही सरळ केलात?"

"वाकडा होता म्हणून…"

"बाबांनीच वाकवला होता!" ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "इंजिनात एक नट होता. बाबा म्हणायचे, तो लाजरा आहे, पाइपाच्या मागे लपून बसतो, त्याच्याकडे वळसा घालूनच जावं लागतं. त्याच्यासाठी केला होता हा. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण… मला वाटायचं सगळे पाने असेच असतात. लहानपणी त्यांना दिवा धरून उभी राहायचे, तेव्हा हा एकच बघितलाय." मग ती खाली बघत म्हणाली, "डॉक्टर कालच म्हणाले, आता फार दिवस धरून चालू नका."

धरणीने पोटात घेतलं तर बरं असं मला झालं. दादा हात जोडून उभा होता, पण त्याला ते हात कोणासमोर धरायचे हे कळत नव्हतं. बाबा आमच्याकडे बघून मंद हसले आणि लेकीला म्हणाले, "ओ बाई, पाहुण्यांना बसायला द्या."

घरी आलो. मी ताट वाढलं, दादा व्हरांड्यात भिंतीसमोर उभा. पाने ओळीने टांगलेले, सगळे सरळ, सगळे चकचकीत.

"धाकटे," तो म्हणाला, "त्या खिडकीतून मी किती वाकडी हत्यारं भंगारात टाकली असतील गं?"

"टाकली असशील. जेव आधी."

"प्रत्येकाच्या पुढे कुठलातरी नट असणार. कुठेतरी आत, हात न पोचणारा. मी एकदाही कोणाला विचारलं नाही, बाबा रे, का वाकवलास? बिल्ला काढून घ्यायचो आणि टांगायचो." ताटावर येऊन बसला तरी त्याचा घास हातातच राहिला. माझा थोरला भाऊ रडताना मी पहिल्यांदा बघितला, आणि मला त्याचा राग आला नाही.

आता पाना पुन्हा वाकवायचा हे ठरलं. पण कसा? किती? कोणत्या बाजूला? दादाने सरळ करण्याआधी त्याचा आकार काढून ठेवला नव्हता. आकार काढायचा तो वस्तू नीट झाल्यावर, ही त्याची पद्धत. चष्मेवालीला विचारलं तर तिने बोट वाकवून दाखवलं, मग जरा जास्त वाकवलं, मग कमी, आणि शेवटी ती हात झटकून म्हणाली, "आठवत नाही हो." ज्याला माहीत होतं तो चादरीवर शोधत होता. राहिला तो नट.

फेरीबोट नदीच्या वरच्या अंगाला, वाळूच्या ढिगांपलीकडे ओढून नेऊन काठाला बांधून ठेवली आहे असं कळलं. चष्मेवाली बाबांना सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून मी आणि दादा सकाळच्या बसने गेलो. नदीवर धुकं होतं. गवतातून वाट काढत जाताना आधी बोट दिसलीच नाही. नुसते कपडे दिसले, हवेत लटकणारे, एक सदरा, एक चादर, लहान मुलाची चड्डी. मग त्या कपड्यांमागून पांढरी बोट हळूहळू बाहेर आली. तिथल्या राखणदाराने कठड्यावर कपडे वाळत घातले होते.

"आत काही राहिलं नाही," राखणदार म्हणाला. "खुर्च्या गेल्या, घंटा गेली, दोरखंड गेले."

मी घाईने विचारलं, "आणि इंजिन?"

"ते उचलणार कोण, ताई? आहे तसंच आहे."

इंजिनाच्या खोलीत उतरायला लोखंडी शिडी होती. दादाने इस्त्रीचा शर्ट काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि बनियनवर खाली उतरला. ज्याने सगळं आयुष्य हत्यारं हातात दिली आणि परत घेतली, तो माणूस हत्यार घेऊन पहिल्यांदाच यंत्राच्या आत चालला होता. मी वरच्या झडपेपाशी पाय सोडून बसले.

खाली गोल खिडक्यांमधून उजेड येत होता. बाहेरचं पाणी हलत होतं, तसा छतावर उजेडही हलत होता, इंजिनावरून, दादाच्या पाठीवरून. धुक्यात काठ दिसेना. बघता बघता मला वाटलं, बोट सुटली. खरंच वाटलं. वर कुणीतरी चालतंय, बाकांवर माणसं बसलीत, एका बाईच्या मांडीवर टोपली आहे, पलीकडच्या काठावर कोणी कोणाची वाट बघतंय, आणि खाली इंजिनापाशी एक तरुण माणूस घाम पुसतोय. मला तिथून उठावंसं वाटेना.

"हा नाही," खालून दादाचा आवाज आला. तोंड बसेल असा प्रत्येक नट तो त्या पान्याने तपासत होता. सरळ पाना जिथे बसतो, तो आपला नव्हे. "हाही नाही." मग तो पोटावर आडवा झाला आणि त्याचे नुसते पाय बाहेर राहिले. बराच वेळ काही हालचाल नाही. माझ्या मनात नको नको ते आलं.

"दादा?"

"धाकटे, इथे झिजलंय!"

एका जाड पाइपाच्या मागे नट होता. सरळ पाना पाइपावरच अडत होता. पण त्या पाइपाच्या कुशीत, सगळीकडे रंग असताना, एवढ्याच जागी लोखंड उघडं पडून गुळगुळीत खळगा झाला होता. पान्याची मान वर्षानुवर्षं तिथे घासली गेली होती. दादाने खिशातून मऊ, जाड तार काढली आणि नटापासून खळग्यातून, जिथे माणसाचा हात यायचा तिथपर्यंत ती वळवत आणली. वर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा झाला होता आणि तार त्याने दोन्ही तळव्यांवर धरली होती. बसमध्ये ती मी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "आजी, काय आहे हे?" मी म्हटलं, "वळसा आहे. तिकीट लागेल का?"

पण वळसा मिळाला म्हणून झालं नव्हतं. एकदा वाकवलेलं, एकदा सरळ केलेलं लोखंड तिसऱ्यांदा तेवढाच ताण सोसेल का? दादाला ठाऊक नव्हतं आणि ज्याला ठाऊक असेल त्याच्याकडे जायला त्याचे पाय उचलत नव्हते. तो म्हणजे डेपोतला बुटका मिस्त्री. त्याचा बिल्ला दादाने एवढ्या वेळा खिडकीबाहेर टांगला होता की लोकांना तो तिथलाच वाटायचा. शेवटी मीच दादाला ढकलत नेलं.

बुटक्या मिस्त्रीने सगळं ऐकलं, आणि जे हसत सुटला ते ठसका लागेपर्यंत. "तुम्ही? वाकवायला शिकायचं तुम्हाला? थांबा, बिल्ला कुठंय तुमचा? आधी बिल्ला द्या!"

दादा मान खाली घालून म्हणाला, "तुझ्यापुढे कुठला नट होता रे?"

मिस्त्री हसायचा थांबला. "गिअरच्या डब्यामागचा," तो म्हणाला. "कोणालाही पोचायचा नाही." मग त्याने पाना हातात घेतला, मानेवरून नख फिरवलं. "सरळ करताना तापवला होतात ना? मग जगेल. पण खात्री देत नाही. एक चीर गेली की संपलं. आणा, मी करतो."

"मी सरळ केलाय," दादा म्हणाला. "मीच वाकवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात ब्लो लॅम्प पेटला. उजाडताच चष्मेवाली दारात येऊन सांगून गेली होती, बाबा कालपासून काही खात नाहीत. मी खुर्चीत बसले नाही. निळी ज्योत मानेभोवती फिरत होती, लोखंडाचा रंग बदलत होता, पिवळसर, जांभळा, मग आतून उगवावा तसा लाल. मिस्त्री स्टुलावर बसून हळू आवाजात, लेकराला झोपवावं तसा, बोलत होता. "घाई नको. आता. जोर नका लावू, वजन टाका. नुसतं अंगाचं वजन टाका." दादाने दांड्यावर अंग टाकलं. पाना हलला, पिठाच्या गोळ्यासारखा मऊ, आणि वळला. तार लावली, जरासा कमी. पुन्हा ज्योत, पुन्हा वजन. तार बसली. मिस्त्रीने तो उचलून राखेने भरलेल्या डब्यात पुरला. "आता त्याला पाणी दाखवू नका. आपला आपण निवू दे."

राख गार होईपर्यंत आम्ही तिघं त्या डब्याभोवती बसून होतो. कोणी चहासुद्धा मागितला नाही. मग दादाने पाना काढला, पुसला, मान उजेडाकडे धरली आणि मिस्त्रीकडे दिली. मिस्त्रीने भिंग लावून बघितलं. "चीर नाही," तो म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तरी दादा सरळ चष्मेवालीकडे गेला नाही. त्या क्षणी मी त्याला वाट्टेल ते बोलले. तिकडे म्हातारा जेवत नाही आणि हा म्हणतो, आधी नटाला विचारून येतो! त्याने ऐकलं नाही, बस पकडून गेला. संध्याकाळी परत आला, हात, कपाळ, कान, सगळं काळं. चप्पल न काढताच दारात उभा राहिला.

"फिरला," तो म्हणाला.

वरच्या खोलीत दिवेलागणीआधीचा उजेड होता. बाबा आता उशीला टेकून बसत नव्हते, आडवे होते, डोळे अर्धे मिटलेले. हात मात्र चादरीवर फिरत होता. चष्मेवालीने दादाकडून पाना घेतला, क्षणभर तिची बोटं त्या मानेवर थांबली, आणि तिने तो हाताखाली ठेवला.

अंगठा दांड्यावरून सरकत गेला. निम्म्यापर्यंत. पुढे. मानेपाशी आला आणि वळणाबरोबर वळला.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी पाना उचलला, इतका हलका जणू त्यात वजनच नाही, आणि छातीवरच्या रिकाम्या हवेत एका जागी नेऊन अडकवला. पाव फेरा घेतला. काढला, पालथा केला, पुन्हा अडकवला. पाव फेरा. मनगट अचूक फिरत होतं. त्या हवेत पाइप होता, पाइपामागे नट होता, आणि मी ते दोन्ही जवळजवळ बघितले. दादा पुढे झुकून बघत होता, ओठ घट्ट मिटून. धन्याच्या हातात कामाला लागलेलं हत्यार तो आज पहिल्यांदाच बघत होता.

मग बाबांचा हात थांबला. कपाळावर आठी आली.

"पिटुकले," ते म्हणाले, "दिवा कुठे धरलायस? खाली घे. मला दिसत नाही."

वर्षभर 'ओ बाई' ऐकलेली चष्मेवाली, केस पांढरे झालेली बाई, पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने रिकामी मूठ वर धरली.

"खाली," बाबा म्हणाले. "आणखी. हां. तिथे धर, पिटुकले. हलवू नकोस."

"नाही हलवत, बाबा," ती म्हणाली.

पाना पुन्हा फिरायला लागला. खोलीत अंधार होत गेला तरी आमच्यापैकी कोणी दिवा लावला नाही. तिचा हात भरून आला असणार, पण तिने तो तिथेच धरून ठेवला.